सॉल्टबुशच्या भिंती

१

गुरुवार हा आमचा डंपचा दिवस. सकाळी एव्हिस थर्मासमध्ये चहा भरते, मी थंड मटणाचे आणि लोणच्याचे सँडविच बांधतो, आणि आम्ही डॉसन्स वेलच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीकडे निघतो. लाल मातीचा सरळ रस्ता. एव्हिस शेजारी बसून माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवते. लग्न झाल्यापासून ठेवते आहे. समोरून कांगारू आडवा गेला तरी तो मीच बोलावला असं तिचं म्हणणं असतं.

काम सोपं आहे, निदान सांगायला. खाण संपली की मागे एक खड्डा उरतो आणि त्या खड्ड्यातून काढलेल्या दगडांचा एक डोंगर, तोच डंप. त्या दगडांत गंधक असतं. त्यांना पाणी लागलं की आंबट पाणी झिरपायला लागतं, आणि ते खालच्या विहिरींपर्यंत पोचलं तर शेजारच्या मेंढ्यांच्या कुरणाचं वाटोळं होतं. म्हणून त्या डोंगरावर मातीचा जाड थर घालायचा आणि त्यात सॉल्टबुश, ब्लूबुश, मल्गा अशी इथलीच झुडपं वाढवायची. आमच्याकडे पाऊस मुळात थोडा. जो पडेल तो मातीने धरून ठेवायचा, झुडपांनी पिऊन हवेत सोडून द्यायचा. खालच्या दगडापर्यंत थेंब जाता कामा नये. माती पसरणं आणि उताराला आडवे खोल चर काढणं हे माझ्या यंत्राचं काम. बी गोळा करणं, पेरणं, उगवलेल्यावर लक्ष ठेवणं एव्हिसचं.

डॉसन्स वेल हे आधी गावाचं नाव होतं. एव्हिस तिथेच जन्मली. तिची आई, आयव्ही, तिथल्याच घरात वारली, तेव्हा एव्हिस शाळकरी पोर होती. नंतर वस्ती उठली. लोकांनी आपापली पत्र्याची घरं सुटी करून ट्रकवर घातली आणि जवळच्या शहरात, कालगुर्लीला नेली. जिथे गाव होतं तिथेच पुढे कंपनीने खड्डा खणला. खणण्याआधी वरची वीतभर माती खरवडून बाजूला रचून ठेवतात, कारण जे काही जिवंत असतं ते तिच्यातच असतं. ती माती खरवडली मी. खाण चालू होती तितकी वर्षं तिचा ढीग उन्हात पडून होता. मग ती डंपवर आणून पसरली, तीही मीच. हे आधीच सांगतो, कारण ती माती किती वेळा उलटीपालटी झाली, कुठली कुठे गेली, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

२

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात बरा पाऊस झाला आणि बी उठलं. एव्हिस त्या दिवसांत लेकुरवाळ्या बाईसारखी वागते. गुडघे दुखत असतानाही जमिनीवर ओणवी होते, दोन पानांच्या रोपाशी बोलते, आणि मी जवळ गेलो की पाय बघून टाक म्हणून ओरडते.

झुडपं उगवायची ती चरांत. पाणी चरात साठतं, बीही वाऱ्याने तिथेच जाऊन पडतं. सगळ्या डंपवर तशीच उगवली होती, उताराला आडव्या, वळणदार ओळींत. फक्त माथ्यावर, सपाटीच्या एका भागात, ती चरांना काटकोनात छेदून गेली होती. सरळ रेषेत. रेषा थोडी जाऊन वळली होती, तीही काटकोनात. आणि त्या रेषांच्या मधली जमीन उघडी होती, एक काडी नाही. मी स्वतः काढलेले गुडघाभर खोल चर तिथे बुजून जमीन सारवल्यासारखी सपाट झाली होती.

मी म्हटलं, पेरायच्या यंत्राची नळी तुंबली असेल. मग म्हटलं, ट्रकने माती टाकताना ढिगांच्या रांगा पडल्या असतील, त्यांत एका रांगेत बी जास्त. मला ते पटलंही. एव्हिस त्या रेषांच्या कडेने चालत एका जागी गेली. तिथे ओळ तुटली होती, माणूस जाईल एवढीच. तिथून ती आत गेली, डावीकडे वळली आणि उभी राहिली. मग तिने उजवा हात कमरेएवढ्या उंचीवर हवेत ठेवला, जसा आपण ओट्यावर ठेवतो.

"क्लेम," ती म्हणाली, "हे आमचं स्वयंपाकघर आहे."

मी हसलो. तीही हसली. मग तिने मला बोटाने दाखवत नेलं: ही चूल, ही मागची पडवी, ही मुलांची खोली, एव्हिस आणि तिची बहीण डॉट एका खाटेवर झोपायच्या ती. ही आईची. कुठेही ती अडखळली नाही. शेवटी मला म्हणाली, "आणि तू चिखलाचे बूट घेऊन आत आलायस. आईने तुला हाकलून दिला असता."

घरी परतताना मी सगळा रस्ता मनाशी हिशेब मांडत होतो. घराच्या जागेची माती पायांनी दाबली गेली असेल, चुलीच्या राखेने बदलली असेल, हे खरं. पण ती माती आता डंपभर विखुरली होती. चूल एका ट्रकमध्ये गेली असेल, पडवी दुसऱ्या. त्यांना परत एकमेकींच्या शेजारी कोण लावणार?

एव्हिसने त्या दिवशी माझ्या गाडी चालवण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

३

आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उताराच्या खाली तण उपटत होतो. आमच्याकडच्या प्रत्येक घराला माश्यांसाठी जाळीचं दार असतं. त्याची स्प्रिंग ताणली जाताना कण्हते, आणि सोडलं की दार चौकटीवर आपटतं, एकदा जोरात, मग दोनदा हळू. हा आवाज आम्ही झोपेतही ओळखू. तो वरून, माथ्यावरून आला. ऊन डोक्यावर होतं आणि वारा पडलेला होता.

मी वर गेलो. एव्हिस रोपं बघत होती. मी विचारलं कसला आवाज, तर म्हणाली, कुठला? मी म्हटलं, दाराचा. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, वारा असेल. कुठेतरी पत्रा सुटला असेल. खाणीचा शेवटचा पत्रा भंगारात जाऊन बरेच दिवस झाले होते आणि हे तिलाही ठाऊक होतं.

पुढच्या प्रत्येक गुरुवारी तो आवाज एकदा तरी यायचा. मी त्याची सवय करून घेतली असं म्हणता येईल. माणूस कशाचीही सवय करतो. मला खरं हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एकदा एव्हिसला चहा नेऊन देत होतो. ती स्वयंपाकघरात होती, म्हणजे त्या जागेत. माझ्या आणि तिच्यामध्ये घोट्याएवढ्या झुडपांची एक ओळ. एक ढांग टाकली असती तर झालं असतं. मी दोन्ही हातांत पेले घेऊन सगळा वळसा घातला, ओळ तुटली होती तिथून आत शिरलो आणि शिरताना खांद्याने काहीतरी ढकलल्यासारखा तिरका झालो. पेला तिच्या हातात दिल्यावर माझ्या लक्षात आलं. मी मागे वळून पाहिलं. झुडपं, माती, वर आकाश. बस्स.

"बस ना," एव्हिस म्हणाली. आणि मी उभाच राहिलो.

४

कंपनीच्या वतीने आमच्या कामाची पाहणी करायला हेदर यायची. चाळिशीची, उन्हाने भाजलेली, कामाला चोख आणि बोलायला मोकळी. एव्हिसचे आणि तिचे झाडांवरून वाद व्हायचे आणि त्यात दोघींनाही मजा यायची. हेदरने ती उघडी जागा पाहिली आणि तिचा चेहरा पडला. झुडूप नाही म्हणजे पाणी प्यायला कुणी नाही. पाऊस सरळ दगडापर्यंत जाणार. तिने मला स्वच्छ सांगितलं, ही सगळी जागा पुन्हा फाडायची आणि पुन्हा पेरायची.

एव्हिसने माझ्या बाहीला धरलं, लहान मूल धरतं तसं, आणि सोडलं नाही. मी हेदरला म्हटलं, आधी खालचं पाणी तर मोज.

मातीच्या थराखाली आम्ही काही ठिकाणी मोठी पसरट भांडी पुरून ठेवली आहेत. वरून जे झिरपेल ते त्यांत जमतं आणि नळीने बाहेर काढून मोजता येतं. योगायोगाने त्यातलं एक बरोबर त्या उघड्या जागेखाली होतं. चांगल्या वाढलेल्या उतारांवरच्या भांड्यांत थोडंसं पाणी आलं होतं, चालेल इतकं. हेदरने उघड्या जागेतल्या नळीला पंप लावला. पंप कोरडा फिरला. तिने नळी तपासली, पंप बदलला, पुन्हा लावला. मग मातीत सळई घालून पाहिली. माती आत, खोलवर, भाजलेल्या विटेसारखी सुकी होती. आदल्याच आठवड्यात तिथे पाऊस झाला होता.

"सगळ्यात चांगलं काम या जागेचं चाललंय," हेदर म्हणाली. "पण पितंय कोण?"

मी म्हटलं, आजूबाजूच्या झुडपांची मुळं आत आली असतील. ती म्हणाली, एवढ्याशा रोपांची? मग तिने खांदे उडवले. पाणी खाली जात नाही ना, मग तिची तक्रार नव्हती. जागा आहे तशी ठेवायला तिने होकार दिला. एव्हिसने तिला मिठीच मारली.

हेदर निघाली. सामान एका हातात, चालता चालता एव्हिसशी बोलत. ओळ तुटली होती तिथून ती बाहेर पडली आणि न बघता, बोलणं न थांबवता, तिने मोकळा हात मागे केला आणि काहीतरी ओढून घेतलं.

मला तो आवाज आला. एकदा जोरात, मग दोनदा हळू. हेदर बोलतच पुढे गेली.

५

एव्हिस आता गुरुवारची वाट बघत नसे. मी दुसऱ्या कामावर असलो की आपली छोटी गाडी काढून जायची. माझ्यापासून लपवायची नाही. संध्याकाळी घरी यायची ती गुणगुणत. तिचे गुडघे दुखायचे थांबले. भांडी घासताना तिच्या हातांना पिठाचा वास यायचा. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला ती इतकी आनंदी फार वर्षांत दिसली नव्हती. आम्हाला मूल नाही. ते दुःख आम्ही घरातल्या जुन्या कपाटासारखं वापरात ठेवलं होतं, त्याला वळसा घालून चालायची सवय होती. आता ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मला तिचा आनंद आवडत होता आणि रात्री तिच्या श्वासाकडे कान लावून मी जागा राहत होतो.

एका दुपारी मी तिला गाडीतल्या रेडिओवरून हाक मारली. तिने उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा मारली. मग काम टाकून निघालो.

तिचे बूट बाहेर होते. त्या तुटलेल्या जागेच्या बाजूला, जोडीने, नीट ठेवलेले.

ती आईच्या खोलीत जमिनीवर बसली होती, माझ्याकडे कूस करून, पाय लांब सोडून. डोळे मिटलेले. डोकं जरा मागे. तिने केस मोकळे सोडले होते. पांढरे झालेत, पण अजून दाट आहेत. वारा नव्हता, झुडपाचं पानही हलत नव्हतं. तिचे केस मुळापासून टोकापर्यंत सरळ होत होते, एकेक बट उचलली जात होती, ताणली जात होती, खाली सोडली जात होती. गुंता लागला की थांबत होतं. मग गुंत्याच्या खाली, हलकेच, थोडं थोडं. मग त्या केसांचे तीन भाग झाले.

"हळू ना, आई," एव्हिस म्हणाली.

पेड पडत गेले. मी वेणी होताना पाहिली, वरपासून खालपर्यंत. पळून जावं असं वाटत होतं, आणि तिला तिथे सोडून पळणं शक्य नव्हतं, म्हणून मी तसाच उभा.

शेवटी आवाज फुटला तो अगदी साधा. "एव्हिस, घरी चल. चहाची वेळ झाली."

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. उठायला गेली. अर्धवट उठली आणि तशीच थांबली, मान मागे झुकलेली. वेणी तिच्या पाठीवर पडली नव्हती. ती मागे, हवेत, सरळ ताणलेली होती. कुणीतरी टोक धरलेलं होतं आणि सोडत नव्हतं.

एव्हिस घाबरली नाही. तिने हात मागे नेला आणि कुणाच्या तरी हातावर थोपटावं तसं थोपटलं.

"सोड, आई. तो न्यायला आलाय," ती म्हणाली. "माझा नवरा आहे तो. चांगला आहे."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग वेणी पाठीवर पडली.

६

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, आपण इथून जाऊ. समुद्रकाठी, एस्परन्सला, डॉटजवळ. मी विनवणी केली असं म्हटलं तरी चालेल. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला इतकी भीती वाटते हे मला कळलंच नाही रे. जाऊ या." तिने त्याच रात्री डॉटला फोन केला. फक्त एकदा निरोप घ्यायला जायचं होतं, आणि माझ्यासोबत जायचं होतं.

मी बूट काढले. त्या घरात मी पहिल्यांदाच बूट काढून गेलो. पायाखालची जमीन गार आणि गुळगुळीत होती. एव्हिसने माझा हात धरला आणि आईच्या खोलीत नेलं, आणि तिथे पोचल्यावर तिचाच पाय थांबला.

आईच्या खोलीच्या मागे, जिथे काल-परवापर्यंत नुसते चर होते, तिथे नवी रोपं उठली होती. दोन-दोन पानांची. सरळ रेषेत, मग काटकोनात, मग परत. मधली जमीन सपाट झाली होती.

"हे आमच्या घरात नव्हतं," एव्हिस म्हणाली.

ती त्या जागेत गेली. एका बाजूला उभी राहिली, मग दुसऱ्या. दोघांची खाट मावेल आणि दोन्ही बाजूंनी चालायला जागा राहील, एवढी खोली. रस्त्याच्या दिशेला एका ठिकाणी रोपं तुरळक होती, खिडकीला ठेवतात तेवढी जागा. बाहेर जायची वाट नव्हती. यायचं-जायचं ते आईच्या खोलीतूनच.

एव्हिस मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "तिने तुला कधी पाहिलंच नव्हतं ना," ती म्हणाली. "त्या दिवशी पाहिलं. तुझ्यासाठी केलंय तिने."

मी घाबरलो, हे खरं. पण दुसरं जे झालं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मुलांच्या आश्रमात वाढलो. तिथून खाणीच्या बराकीत, तिथून भाड्याच्या खोल्यांत. मी जिथे राहिलो ते सगळं दुसऱ्या कुणासाठी तरी बांधलेलं होतं. एव्हिसशी लग्न झालं तेव्हाही मीच तिच्या घरी राहायला गेलो. माझा विचार करून कुणी जागा सोडली, भिंत घातली, असं साठीपर्यंत घडलं नव्हतं. मी त्या खोलीत उभा राहिलो आणि मला दाटून आलं.

आम्ही एस्परन्सला गेलो नाही. डॉट अजून त्यावरून बोलते.

७

आता तिथलं सॉल्टबुश माझ्या छातीला लागतं. आत बसलं की बाहेरचा डंप दिसत नाही. हेदर येते, पंप लावते, तो कोरडा फिरतो आणि ती समाधानाने जाते. शेजारच्या मेंढीवाल्याच्या विहिरीचं पाणी गोड आहे.

मी एव्हिसला बजावून ठेवलंय की मी तिथे रात्री राहणार नाही. ती म्हणते, कुणी घाई केलीय?

मागच्या गुरुवारी दुपारी जेवण झालं आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत जरा आडवे झालो. एव्हिसला लगेच झोप लागली. तिचं डोकं माझ्या दंडावर होतं. झुडपांची सावली पडली होती आणि जमीन गार होती. शेजारच्या खोलीत कुणीतरी चाललं. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून टाचा उचलून चालतात, तसं. त्याची मला भीती वाटली नाही. तिचं चालणं आता मला ओळखू येतं.

मग तिच्यामागे दुसरी पावलं आली. छोटी, भरभर, खूप. भिंतीपर्यंत आली आणि तिथे घुटमळली. काहीतरी खुदकन हसलं.

"श्श्," कुणीतरी म्हटलं.

पावलं गप्प झाली. भिंतीच्या पलीकडे, अगदी जवळ, लहान लहान श्वास ऐकू येत होते. आयव्हीच्या मुली दोन. एक एस्परन्सला आहे आणि दुसरी माझ्या दंडावर झोपली होती. आम्हाला मूल नाही; निदान तोवर नव्हतं.

मी डोळे उघडले नाहीत. बघायची भीती वाटली म्हणून नव्हे. मला खरोखरच झोप येत होती, आणि कुणीतरी आमच्यासाठी घर शांत ठेवत होतं.